बाबांच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नकोस

या वेळचं पत्र नागपूरच्या मानेवाड्याहून आलंय, लिहिणारा चौतीस वर्षांचा आहे. पत्र मोठं आहे म्हणून थोडं कमी करून देते.

"ताई, नमस्कार. माझे बाबा ५८ वर्षांचे, टेलरकाम करतात, दुकान घरातच आहे, अजूनही पायाचीच मशीन वापरतात. चाळीस वर्षांपासून खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेली) खातात. डाव्या गालात खालच्या हिरडीजवळ जखम झाली होती, दात लागत असेल म्हणून दोन महिने मलमच लावत राहिलो. बायोप्सी केली तर कॅन्सर निघाला. सीटीत जबड्याच्या हाडापर्यंत गेलाय म्हणतात, बाकी कुठं नाही. डॉक्टर म्हणतात जबड्याचा तुकडा काढू, मानेतल्या गाठी काढू, पायाचं हाड काढून जबड्यात लावू आणि मग शेक (रेडिएशन) देऊ. बाबा घाबरून गेले, म्हणतात पाय गेला तर मशीन कशी चालवू. त्यात भाऊजींनी बातमी पाठवली की आता नवीन इम्युनोथेरपीचं इंजेक्शन निघालं, ऑपरेशनची गरजच नाही. बाबा तेच धरून बसले. मामा म्हणतात चाकू लावला की पसरतो, आणि मानेत गाठ दिसतच नाही तर मान कशाला कापून राहिले. पुढच्या बुधवारची तारीख मिळाली आहे. घेऊ की एक-दीड महिना थांबून इंजेक्शनची चौकशी करू? आणि ताई, एक माझ्याबद्दल. मी पण खर्रा खातो, बारा वर्षं झाली. आजकाल सावजी रस्सा सोड, साधी तर्री पण तोंडात लागली की आग होते. याचं काही टेन्शन घेण्यासारखं आहे का?"

भाऊ, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. आणि आधीच सांगते की मी डॉक्टर नाही, सव्वीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं होणाऱ्या वॉर्डात गेली, त्यामुळे जे सांगते ते बघितलेलं आणि वाचलेलं आहे, पण बाबांच्या फाइलवर शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचाच.

बुधवारची तारीख घ्या. याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. चौकशी करायची ती या सात-आठ दिवसांत करा, पाहिजे तर दुसऱ्या मोठ्या ठिकाणी सेकंड ओपिनियन घ्या, नागपुरात त्याची सोय आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल तुमच्यापासून जवळ आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मिहानला एम्स आहे. पण तारीख हातात ठेवून. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सात प्रकारच्या कॅन्सरवरचे अनेक जुने अभ्यास एकत्र करून तपासले होते, त्यात डोकं आणि मानेचे कॅन्सरही होते, आणि हिशोब असा निघाला की ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. तुमचे दोन महिने मलमात गेलेच आहेत. त्याचा दोष मी तुला देत नाही, हिरडीची जखम सगळ्यांना दाताचीच वाटते, माझ्या स्वतःच्या दिराचे असेच अडीच महिने पुड्या घेण्यात गेले आणि तो ऑपरेशनला आला तेव्हा सर्जननं फिल्म बघून माझ्याकडे नुसतं बघितलं, बोलला काहीच नाही. मी वॉर्डातली बाई असून माझ्याच घरात हे झालं. म्हणून इतकं जीव तोडून सांगते.

आता ते इंजेक्शन. भाऊजींनी पाठवलेली बातमी खोटी नाही, फक्त वाचणाऱ्यांनी अर्धी वाचली. ती बहुतेक की-नोट ६८९ नावाच्या अभ्यासाची आहे, २०२५ मध्ये त्याचा निकाल आला आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं त्यावरून मान्यता दिली. औषधाचं नाव पेम्ब्रोलिझुमॅब, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं. अभ्यासात ७१४ पेशंट होते आणि नीट वाच भाऊ, सगळेच्या सगळे ऑपरेशन करण्याजोगे होते आणि सगळ्यांचं ऑपरेशन करायचं हेच ठरलेलं होतं. निम्म्या लोकांना नेहमीची ट्रीटमेंट, म्हणजे ऑपरेशन, मग शेक, आणि धोका जास्त दिसला तर शेकासोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. उरलेल्या निम्म्यांना तेच सगळं आणि वरून हे औषध, ऑपरेशनच्या आधी दोन डोस, नंतर पंधरा. तीन वर्षांनी बघितलं तर आजार न वाढता, न परतता असलेले लोक औषधवाल्या गटात ५७.६ टक्के आणि नेहमीच्या गटात ४६.४ टक्के. हा फरक मोठाच आहे, डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये इतक्या वर्षांत अशी बातमी आली नव्हती आणि मला खरंच आनंद झाला होता ती वाचून. पण जीव वाचण्याच्या आकड्यात पक्का फरक तेव्हा सिद्ध झालेला नव्हता, आणि मुख्य म्हणजे ऑपरेशनच्या ऐवजी इंजेक्शन असं त्यात कुठंच नाही. ऑपरेशनच्या जोडीला इंजेक्शन असं आहे. बाबांना हेच एक वाक्य सांग, दहा वेळा सांगावं लागलं तरी सांग.

तरी सर्जनना विचारायचं असेल तर विचार, त्यात लाजायचं काही नाही, की आमच्या केसमध्ये आधी दोन डोस देऊन मग ऑपरेशन असा विचार होऊ शकतो का. ते म्हणतील की बायोप्सीच्या तुकड्यावर पीडी-एलवन नावाची तपासणी करावी लागेल, ती एका मर्यादेच्या वर आली तरच एफडीएची मान्यता लागू होते, आणि एकेका डोसचा खर्च लाखात जातो, असे सतरा डोस. दुकान विकून हे करायला निघू नका. मी असं घर बघितलंय जिथं औषधासाठी प्लॉट विकला आणि मग ऑपरेशननंतरच्या शेकासाठी रोज येण्याजाण्याचे पैसे उरले नाहीत, आणि शेक मधेच सुटला. शेक पूर्ण होणं जास्त मोलाचं होतं.

तुझ्या भाऊजींना अजून एक बातमी सापडेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा अभ्यास आहे, निवोलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचंच औषध त्यांनी अगदी थोड्या डोसमध्ये वापरलं, २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी, आणि सोबत रोजच्या गोळ्या. १५१ पेशंटमध्ये एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, ते या औषधाच्या जोडीनं ४३.४ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी आपल्या लोकांचा खिसा बघून हा अभ्यास केला याचा मला फार अभिमान वाटतो. पण ते पेशंट कोण होते ते बघ, ज्यांचा आजार ऑपरेशनच्या पलीकडे गेला होता किंवा परत आला होता ते. तुझ्या बाबांचं ऑपरेशन होऊ शकतं असं सर्जन सांगून राहिले. ही संधी त्या १५१ जणांना नव्हती.

आता पाय. मला वाटतं खरी भीती इथंच आहे, इंजेक्शन हा बहाणा आहे, आणि बाबांची भीती अगदी बरोबर जागी आहे, चाळीस वर्षं ज्या पायानं घर चालवलं त्या पायाचं हाड काढणार म्हटल्यावर कोणीही हादरेल. त्यांना समोर बसवून सांग. गुडघ्याखाली दोन हाडं असतात. आतलं जाड हाड शरीराचं वजन पेलतं, त्याला कोणी हात लावत नाही. बाहेरच्या बाजूला एक बारीक लांब हाड असतं, फिब्युला, त्याचा मधला भाग काढतात आणि घोट्याजवळचा सहा-आठ सेंटीमीटरचा तुकडा मुद्दाम ठेवतात म्हणजे घोटा डळमळत नाही. पाय जागेवरच राहतो, माणूस वॉकर धरून काही दिवसांतच उभा राहतो, आणि पुढं चालतो, जिने चढतो. जबड्यासाठी हे हाड न्यूयॉर्कच्या एका सर्जननं १९८९ मध्ये पहिल्यांदा लिहून दाखवलं, तेव्हापासून जगभर हेच वापरतात, प्रयोग वगैरे राहिलेला नाही.

पण काहीच फरक पडत नाही असं खोटं मी सांगणार नाही. अंगठा खाली दाबायचा जोर कमी होतो, घोटा थोडा आखडतो, संध्याकाळी पाऊल सुजतं. साध्या चालण्यात हे फारसं जाणवत नाही, पण पायमशीनवर जाणवेल, कारण पायडलवर पुढचा पंजाच काम करतो. म्हणून बुधवारच्या आधी सर्जनला जाऊन स्पष्ट सांगा की हे टेलर आहेत, पायडल जास्त कोणत्या पायानं दाबतात ते बाबांनाच दाखवायला लावा. कोणता पाय घ्यायचा हे शेवटी पायाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीवर ठरतं आणि जबड्याच्या कोणत्या बाजूला जोडायचं त्यावर, पण दोन्ही पाय चालणार असतील तर ही माहिती त्यांच्या कामाची आहे, आणि पेशंट सांगतच नाहीत. फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून मागून घ्या. आणि मशीनला मोटर बसवून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

ऑपरेशन कसं असतं ते सांगितलं तर बाबांना बरं वाटेल, कारण ते त्यांच्याच धंद्याच्या जवळचं आहे. हाड नुसतं उचलून लावत नाहीत. हाडासोबत त्याची धमनी आणि शीर आणि वरचा कातडीचा तुकडा असं सगळं एकत्र काढतात, हाडाला दोन-तीन ठिकाणी काप देऊन जबड्यासारखा वळण देतात, प्लेटनं बसवतात, आणि मग मानेतल्या धमनीला ही धमनी, शिरेला शीर अशी मायक्रोस्कोपखाली शिवतात. दोन-तीन मिलिमीटरची नळी आणि केसापेक्षा बारीक धागा. हल्ली बऱ्याच ठिकाणी आधी सीटीवरून कॉम्प्युटरवर जबडा बनवून घेतात, हाड कुठं कापायचं त्याचा साचा थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात, म्हणजे कापड अंगावर कापण्याऐवजी आधी कागदाचा पॅटर्न बेतून घ्यावा तसं. बाबांना सांग, ते एका वाक्यात समजतील.

पहिल्या दोन-तीन रात्री सगळ्यात नाजूक. आम्ही तासातासाला टॉर्च घेऊन तो कातडीचा तुकडा बघायचो, रंग गुलाबी आहे का, बोट दाबून सोडलं की रंग किती वेळात परत येतो, हाताला गरम लागतो का. शंका आली की डॉक्टर बारीक सुई टोचायचे, लाल चटक थेंब आला की सगळ्यांचा जीव खाली पडायचा, काळसर रक्त भळकन आलं की शीर तुंबली, रात्री दोनला सुद्धा परत थिएटर. म्हणून त्या रात्री तुला कोणी आत सोडलं नाही, सिस्टर चिडून बोलली, तर मनावर घेऊ नकोस. बाबांच्या गळ्याला श्वासासाठी भोक असेल, नाकात जेवणाची नळी असेल, काही दिवस आवाज निघणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर शुद्धीवर आल्यावर वाटतं आपली वाचाच गेली. पाटी-पेन्सिल घेऊन जा. आमच्याकडे एक आजोबा होते, ते पाटीवर दिवसातून चार वेळा एकच लिहायचे, चहा केव्हा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. तो कातडीचा तुकडा तोंडात जातो, पण असतो तो पायाचा, त्याला केस असले तर तोंडात केस वाढतात. बायका-पोरं बघून घाबरतात, पेशंटला किळस येते, अन्न अडकतं. शेक दिल्यावर बऱ्याचदा ते आपोआप झडतात, नाही झडले तर स्किनच्या डॉक्टरकडे लेझर करून कमी करता येतात. कोणी घरी कात्री घालू नका, त्या कातडीला सुरुवातीला जाणीव नसते, कापलं तरी कळत नाही.

आणि समजा रक्तवाहिन्यांच्या तपासणीत पाय नापास झाला, किंवा सर्जन म्हणाले की छातीचा स्नायू फिरवून आणतो, हाड नको, तर आपल्याला स्वस्तातलं दिलं असं समजू नका. छातीचा फ्लॅप, म्हणजे असा दुसरीकडून आणून लावलेला जिवंत तुकडा, १९७९ पासून आहे, आपल्या देशात हजारो लोक त्यावर जेवतात-बोलतात. जबड्याचा मागचा भाग गेला असेल तर काही पेशंटमध्ये हाडाशिवायही भागतं, तोंड थोडं एका बाजूला वळतं. पुढचा भाग, हनुवटीकडचा गेला असेल तर मात्र हाड पाहिजेच. आपलं कोणतं ते विचारून घ्या.

मामांचं आता. चाकू लावल्यानं पसरतो हे मी सव्वीस वर्षं ऐकलं. जे उशिरा आले, ज्यांचा आधीच पसरलेला होता, त्यांचं ऑपरेशनच्या वेळी कळलं आणि गावात बोललं गेलं की चाकूनं पसरला, एवढंच त्यामागं आहे. मानेचा प्रश्न मात्र मामांनी चांगला विचारला, हाच प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता आणि त्याचं उत्तर आपल्या मुंबईत मिळालं. गाठ दिसत नसताना मान आधीच साफ करावी की गाठ येईपर्यंत थांबावं, यावर टाटा हॉस्पिटलनं २००४ ते २०१४ असा दहा वर्षं अभ्यास केला, ५९६ पेशंट घेतले, निम्मे इकडं निम्मे तिकडं. पहिल्या ५०० जणांचा हिशोब लावला तर तीन वर्षांनी आधीच मान साफ केलेल्यांपैकी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. २०१५ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आलं आणि जगाचा वाद बऱ्यापैकी मिटला. ते सगळे तोंडात छोटी गाठ असलेले पेशंट होते, हाडापर्यंत न गेलेले. छोट्या गाठीतच एवढा फरक पडतो तर हाडापर्यंत गेलेल्यात मान सोडून देण्याचा प्रश्नच येत नाही, कोणताही सर्जन सोडणार नाही. मला या अभ्यासाचं विशेष यासाठी वाटतं की त्यातली माणसं तुझ्या बाबांसारखीच होती, आपल्याच देशातली, बरीचशी तंबाखूवाली, ट्रेननं येऊन धर्मशाळेत राहिलेली.

ऑपरेशननंतर खांदा दुखेल, हात वर जायला जड जाईल, तो व्यायाम सोडू नका, टेलरला खांदा पायापेक्षा जास्त लागतो.

शेक ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला पाहिजे, याचा पाठपुरावा तुलाच करावा लागेल. डिस्चार्जच्या दिवशीच शेकाच्या विभागात नाव लावून टाक, टाके वाळू दे मग जाऊ असं करू नकोस. त्याआधी दातांच्या डॉक्टरकडून सगळे दात तपासून घ्या, खराब दात शेकाच्या आधी काढतात, शेक झाल्यावर काढला तर जबड्याचं हाड भरून न येता सडायचा धोका असतो.

साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मानेची कातडी लाल होते, मग काळी पडते, शेवटी शेवटी काहींची सोलून ओलसर होते. आपल्याकडे शेक चालू असताना अंघोळच बंद करतात, त्याची गरज नाही, कोमट पाणी, सौम्य साबण, घासायचं नाही, मऊ कापडानं टिपून घ्यायचं. शेकासाठी कातडीवर काढलेल्या खुणा मात्र पुसू द्यायच्या नाहीत. ब्लेडची दाढी बंद, ट्रिमर चालेल. हळद, टूथपेस्ट, बाम, अत्तर काही लावायचं नाही. स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांनी लिहून दिलं तर घाबरू नका, मोमेटासोन वगैरेनं जळजळ कमी होते असं अभ्यासातून दिसलंय, पण दुकानातून आपल्या मनानं आणायचं नाही. उन्हाळ्यात शेक आला तर नागपूरचं ऊन तुला सांगायला नको, मानेवर जुन्या सुती धोतराचा मऊ तुकडा सैल टाकायचा, तो खरखरीत दुपट्टा नाही.

इथं पण एक बातमी फिरते, की साध्या जंतुनाशक साबणानं शेकाची जखम होतच नाही. ती न्यूयॉर्कच्या २०२३ च्या अभ्यासाची आहे. शेक घेणाऱ्यांच्या कातडीवरचे आणि नाकातले जंतू क्लोरहेक्झिडिननं अंग धुऊन आणि नाकात मुपिरोसिन मलम लावून कमी केले. ७७ पेशंट होते, तसं न केलेल्यांपैकी ३८ मधल्या ९ जणांची कातडी ओलसर सोलली, केलेल्यांपैकी एकाचीही नाही. ऐकायला फार छान आहे आणि मला पण वाटतं यातून पुढं काहीतरी चांगलं निघेल. पण त्या ७७ मध्ये ७५ बायका-माणसं स्तनाच्या कॅन्सरची होती, मानेवर शेक घेणारे जवळजवळ नव्हतेच, आणि मानेवरचा शेक तोंडाच्या इतक्या जवळ असतो. म्हणून शेकाच्या डॉक्टरला विचार, आमच्यासाठी हे करता येईल का. हो म्हणाले तर करा. तोंडात छाले येतील त्यासाठी मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून सहा-आठ वेळा, आणि जिथं कमी शक्तीच्या लेझरची सोय आहे तिथं छाल्यांसाठी तो मागा, २०२० पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात त्याची शिफारस आहे.

पैशाचं एवढंच सांगते की महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर उद्याच जा, भरती व्हायच्या आधी, कारण मंजुरीला वेळ लागतो आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पळापळ होते.

आता तू. पत्राच्या शेवटी दोन ओळी टाकल्यास, पण मी पत्र तिथूनच परत वाचलं. भाऊ, आरशासमोर उभा राहा आणि तुझी स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून दातांच्या मधे घालून बघ. तीन गेली पाहिजेत. दोनच जात असतील, तिखटानं आग होत असेल, गालाच्या आत बोट फिरवल्यावर दोरीसारखा पट्टा लागत असेल किंवा आतली कातडी पांढुरकी दिसत असेल, तर तुला सबम्यूकस फायब्रोसिस सुरू झालेलं असू शकतं. खर्र्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू घट्ट होत जातं. केरळमध्ये एर्नाकुलमला अशा ६६ पेशंटना १७ वर्षं बघत राहिले, त्यातल्या ७.६ टक्के लोकांना पुढं कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही, हे पण तितकंच खरं, आणि तू चौतीसचा आहेस, खर्रा थांबवायला अजून वेळ आहे.

अर्धवट उपाय करू नकोस. तंबाखू कमी टाकून पन्नीत घोटून दे असं पानठेल्यावर सांगणारे मी बघितलेत, किंवा साधी सुपारी चघळतो म्हणणारे. सुपारीलाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, त्यात तंबाखू नसली तरी. पट्टे सुपारीनंच येतात. तंबाखू सोडायला सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, तिथं मराठीत पण बोलता येतं. पहिले पंधरा दिवस हाताला आणि गालाला काहीतरी लागतं, माझ्या ओळखीच्या एकानं भाजलेले ओवा-बडीशेप खिशात ठेवून काढले, दुसऱ्याला नाही जमलं, त्यानं गोळ्या घेतल्या आणि सुटला.

आणि या आठवड्यातच, बाबांसोबत जाशील त्याच दिवशी, डेंटल कॉलेजच्या ओपीडीत किंवा त्याच हॉस्पिटलमध्ये स्वतःचं तोंड दाखव. टॉर्चचाच खेळ आहे, पाच मिनिटं लागतात. तिरुवनंतपुरमला दोन लाखांच्या जवळपास लोक घेऊन त्यातल्या निम्म्यांमध्ये हेच करून बघितलं होतं, आरोग्यसेवकांनी घरी जाऊन टॉर्चनं तोंड बघायचं, बस. २००५ मध्ये निकाल आला, तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. तुझ्या बाबांच्या तोंडात कोणी वर्षभर आधी टॉर्च मारला असता तर कदाचित आज पायापर्यंत गोष्ट आली नसती.

बाबांचंही तोंड शेकानंतर घट्ट होत जाईल, त्यांना आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून रोज तोंड उघडायचा व्यायाम देतील, आठवड्याला एक काडी वाढवायची. तुला पण डॉक्टर बहुतेक तोंड उघडायचा व्यायामच देतील. दोघं सोबत बसून करा, सकाळी, दुकान उघडायच्या आधी. बुधवारनंतर सवड मिळाली की मला दोन ओळी लिही, फ्लॅपचा रंग कसा आहे, आणि तुझी किती बोटं गेली.